घराला वळसा

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरून जाऊ नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतोय, त्याला कोण विचारतंय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुझं काय होतं ते मला माहीत आहे. अडचणीचा विषय निघाला की नेमकी तुझी रेंज जाते. हल्ली तर तू फोन करतेस तोच रस्त्याच्या कडेला उभी राहून. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढं विचारून झालं की बस आली म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझ्या शहरात बसेस इतक्या वेळेवर येत असतील तर तुम्ही पोरं शिकताय तरी कशाला? म्हणून म्हटलं, लिहावं. कागद अर्धवट वाचून बाजूला सारता येतो, पण तो तिथेच पडून राहतो आणि डोळ्यांत खुपतो. मी चौथीपर्यंत शिकले असेन, पण अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालायची नाही.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. मी इस्त्रीचं दुकान बंद केल्यापासून गल्लीतले लोक चुरगळलेले हिंडतात, एवढाच काय तो फरक. बेकरीवालीनं नवीन भट्टी घेतली आणि पहिल्याच दिवशी सगळे पाव जाळले. ते करपलेले पाव तिनं मलाच आणून दिले, म्हणाली काकू, तुम्हाला कडक आवडतात ना. मी ते तिच्याच कुत्र्याला घातले. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्याची माफी मागावीशी वाटली. तुझा बाप दर आठवड्याला फोन करून मला त्यांच्याकडे राहायला बोलावतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुझ्या आईबापाच्या बदल्या होत राहिल्या म्हणून तू माझ्याकडे वाढलीस. आता म्हातारपणी मी त्यांच्या बदल्यांमागे ट्रंक घेऊन फिरू की काय?

तू हा विषय घेतलास तेव्हाचं आठवतं का? बारावीचे मार्क बरे पडले होते. डॉक्टर हो, वकील हो, जो तो येऊन सांगत होता. तू म्हणालीस, मला शहरं आणि त्यांच्या आजूबाजूचा मुलूख कसा मांडायचा ते शिकायचंय. तुझा बाप फोनवर म्हणाला, म्हणजे नक्की करायचं काय? मग तू मला इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी राहून समजावलंस. घरं कुठे, कारखाने कुठे, शाळा कुठे, पाणी कुठून येणार, घाण कुठे जाणार, दूधभाजी कुठल्या गावांतून येते आणि ती गावं शहरानं गिळली तर उद्या काय खाणार. मी शर्टाची कॉलर दाबता दाबता म्हटलं, म्हणजे घर आवरणंच की, फक्त दुसऱ्यांचं. तू ते वर्गात सांगितलंस आणि तुमच्या बाईंनी म्हणे फळ्यावर लिहिलं. मला तेव्हाच कळलं की ती बाई बरी असणार.

आणि निघालीच. गेल्या हिवाळ्यात तुमच्या बाईंनी वर्षभराच्या कामासाठी आपलंच गाव निवडलं आणि तुमचा सगळा गोतावळा सर्व्हेला आला. रिकाम्या इस्त्रीच्या दुकानात तुम्ही पथाऱ्या पसरल्या. मला वाटलं होतं, उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी येणार. पण तुम्ही सगळे पायी, आणि शेळ्यांची मतंसुद्धा विचारत होता. ती तुझी खोकणारी मैत्रीण थंडीत नाक्यावर उभी राहून कुठली गाडी कुठे जाते ते टिपत होती. तो लांब केसांचा पोरगा दूधवाल्याच्या टेम्पोत बसून आसपासची गावं हिंडून आला आणि दोन दिवस त्याच्या अंगाला गोठ्याचा वास येत होता. संध्याकाळी दुकानाच्या भिंतीवर नकाशा लावून तुम्ही रंग भरायचा. राहती घरं पिवळी, बाजार निळा, शाळा-दवाखाने लाल. भांडणं तर अशी करायचा की जणू वाटणीच्या जमिनी आहेत. मी चहा घेऊन आले की सगळे गप्प. माझ्या हातातून कप नकाशावर सांडेल ही तुम्हाला भीती. सांडला तो बाईंनीच, ते सोड.

त्याच बाईंनी माझ्या स्वयंपाकघरात बसून एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या वर्गात एक रीत आहे. ज्याचं घर ज्या गल्लीत, त्यानं त्या गल्लीचा कागद हातात घ्यायचा नाही. अदलाबदल करायची. मी विचारलं का, तर म्हणाल्या, आपल्या दाराशी आली की पेन्सिल जड होते. मला ते पटलं. इस्त्रीच्या धंद्यात मीही आपल्या घरचे कपडे शेवटी घ्यायचे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कपड्यांना उरलेली धग मिळते. आपली गल्ली त्या खोकणारीकडे होती. मग तिचा खोकला छातीत उतरला, तिला घरी पाठवलं, आणि तो कागद तुझ्याकडे आला. बाईंना विचारून आला की आपसूक आला, ते तुलाच ठाऊक.

आता रस्त्याबद्दल. दवाखाना टेकाडाच्या त्या अंगाला, बसस्टँड या अंगाला, आणि मधे आपली गल्ली बाटलीच्या गळ्यासारखी. रस्ता हवा हे तुझ्या विद्यापीठानं सांगायची गरज नाही. तुझ्या आजोबांचा पाय मोडला तेव्हा ॲम्ब्युलन्स बेकरीपाशी अडकली. पुढे येईना, मागे जाईना. मग गल्लीतल्यांनी आजोबांना माझ्या इस्त्रीच्या टेबलावर घातलं आणि ते टेबल खांद्यावर घेऊन निघाले. पुढे आपल्या शेजारचे चष्मेवाले भाऊजी होते. तेव्हा त्यांच्या पाठीत जोर होता. आजोबा वेदनेनं कण्हत होते असं तुला सांगितलं असेल कुणी, तर ते खोटं आहे. ते सबंध रस्ताभर भाऊजींना डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या असं सांगत होते. शेवटी भाऊजींनी टेबल खाली ठेवलं आणि म्हणाले, तुम्हीच चालवा. मग कुठे आजोबांच्या सूचना थांबल्या. बरे होऊन आले तेव्हा पहिली तक्रार काय, तर टेबल हलवल्यामुळे त्याचा एक पाय ढिला झाला. असा माणूस. पण तेव्हापासून गल्लीत कुणी आजारी पडलं की आधी लोक टेबल शोधतात. रस्ता व्हायलाच पाहिजे. यावर तुझं माझं एकमत आहे, आणि तसं ते फार कशावर होत नाही.

गेल्या आठवड्यात पालिकेच्या सभागृहात तुम्हा पोरांचे नकाशे लावले. मुख्य अधिकाऱ्यांनी भाषणात सांगितलं की रस्त्यांची आखणी करताना पालिका या मुलांचंच काम पायाला धरणार आहे. लोकांनी बघावं, कुणाची हरकत असेल तर लिहून द्यावी, मग सुनावणी होईल. मी चांगली साडी काढून, स्वतः इस्त्री करून गेले. बरोबर बेकरीवाली आणि चष्मेवाले भाऊजी. नकाशाखाली तुझं नाव होतं. भाऊजींनी ते मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं की ही आमच्या गल्लीतली पोर. माझ्या आधी त्यांनी सांगितलं.

मग आम्ही रस्ता शोधला. बसस्टँडपासून निघतो तो कडक घडीसारखा सरळ येतो. बेकरीच्या मागून, गोदामाच्या भिंतीला लागून, आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. आणि आपल्या घरापाशी आल्यावर त्याला काय होतं देव जाणे. पोट दुखल्यासारखा वाकतो, आपल्या अंगणाला वळसा घालतो, चष्मेवाल्या भाऊजींच्या घरावरून, त्यांच्या दुकानावरून जातो आणि पुढे परत सरळ होतो. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. इथे अंगण वाचवायला रस्ता वाकडा. आणि आपल्या अंगणात तू एक हिरवा गोल काढलायस. खाली लिहिलंय, जतन करायचा जुना वृक्ष.

भिंगरे, कुठला वृक्ष? ते झाड वादळात मोडून नुसतं खोड उरलं तेव्हा तू दहावीला होतीस. त्याला मी कपडे वाळत घालायची दोरी बांधते आणि त्यावर फरशी पुसायचं फडकं सुकत असतं. त्याला पान फुटलेलं मी पाहिलेलं नाही, पक्षी बसलेला पाहिला नाही, बेकरीवालीचं कुत्रं सोडून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सभागृहात आमच्या गल्लीतले दहाबारा जण असतील. त्या हिरव्या गोलाकडे सगळ्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. बेकरीवालीला गप्प राहायची सवय नाही. ती म्हणाली, काकूंचा दरारा बघा, रस्तासुद्धा वाकून बाजूनं जातो. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मीही हसले. तुला माहीत आहे मी कशी हसते ते.

घरी येऊन मी साडी बदलली आणि भाऊजींच्या दुकानात गेले. ते कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते. मी विचारलं, नकाशा बघितलात ना? म्हणाले, बघितला. मग तो बारीक स्क्रू खाली पडला आणि आम्ही दोन म्हातारी माणसं जमिनीवर हात फिरवत बसलो. सापडला त्यांनाच. मी म्हटलं, हरकत लिहून द्या, मी सांगते काय लिहायचं. त्यांनी काडी बसवली, काच फडक्यानं पुसली, उजेडात धरून बघितली, आणि म्हणाले, "वहिनी, पोरीनं आजीचं घर वाचवलं. माझ्या नातीनं माझं वाचवलं नसतं तर मी तिला दारात उभी केली नसती. मी कशाला हरकत घेऊ?" आणि मला म्हणाले, जरा तो दिवा इकडे करा. मी दिवा धरला. दुसऱ्या चष्म्याचं काम संपेपर्यंत धरला. माणूस चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी भांडायची तयारी करून गेले होते.

आता तू म्हणशील, आजी, मी तुझ्यासाठी केलं. केलंस, मान्य. कुणी तुला वाईट म्हणणार नाही, म्हणालं तर त्याची खैर नाही. पण माझ्यासाठी करताना तू मला विचारलंस का? सर्व्हेत तुम्ही रस्त्यावरच्या भाजीवालीला विचारलंत, शाळेतल्या पोरांना विचारलंत, दूधवाल्याला विचारलंत. एकटी मीच राहिले. तू गृहीत धरलंस की म्हातारी या भिंतींना चिकटलेली आहे. अगं, हे घर तुझ्या आजोबांनी बांधलं. त्यांच्या हाताला ओळंबा कधी ठाऊकच नव्हता. मधल्या खोलीत गोटी ठेवली तर आपोआप न्हाणीघरात जाते. जिन्याच्या पायऱ्या एकीला एक नाही. छप्पर गळतं ते अशा ठिकाणी की बादली ठेवली तर दार उघडत नाही. मी इथे राहते कारण माझं सामान इथे आहे. तुझे आजोबा या घरात नाहीत. ते असते तर अजून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत असते आणि तुझा तो वाकडा रस्ता त्यांना फार आवडला असता.

मला खरं खुपतंय ते वेगळंच. रस्त्यात ज्यांची घरं जाणार त्यांच्यासाठी जुन्या गोदामाच्या जागेवर तू नवी घरं काढली आहेस. हिवाळ्यात तू त्यांच्याबद्दल मला सबंध संध्याकाळ ऐकवलं होतंस. ऊन कुठून येईल, वारा कुठून येईल, पोरं कुठे खेळतील, म्हाताऱ्यांना बसायला बाकडी कुठे. मी ऐकत ऐकत झोपले असं तुला वाटलं, पण मी सगळं ऐकलं. मला ती घरं आवडली होती. मग मला एक सांग. ती इतकी चांगली असतील तर तुझ्या आजीला का नकोत? आणि तुझ्या आजीला नको असतील, तर चष्मेवाल्यांना कशी चालतील? बेकरीमागच्या त्या शिलाईवालीला कशी चालतील? तिचं तर घर तू सरळ रेघेनं पाडलंस, तिच्या दारात तुला कुठला वृक्ष सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत सभागृहात गेले, एकटी, आणि ती घरं नीट बघितली. भाऊजींना तू तिसऱ्या मजल्यावर घातलंयस. चष्मा दुरुस्त करायला लोक तीन जिने चढून जाणार, तेही चष्म्याशिवाय? शिलाईवालीची मशीन कुठे राहणार? खाली दुकानाला एक खोली नाही. हे तुला कळत नाही असं मी म्हणणार नाही, माझ्यापेक्षा तुला शंभरपट कळतं. पण मी तिथे जाणार नाही हे तू मनात ठरवलंस, आणि मग ती घरं काढताना तुझा हात सैल पडला. मी तिथे जाणार असते तर तू प्रत्येक पायरी मोजली असतीस. माझ्या गुडघ्यासाठी कठडा काढला असतास. खिडकीतून काय दिसेल ते स्वतः जाऊन बघून आली असतीस. हे मी रागावून लिहीत नाही. तुझी ताकद काय आहे ते मी भिंतीवर बघितलंय. म्हणून तर बोलते. ज्याला जमतच नाही त्याला कोण बोलतं?

इस्त्री करताना घडी चुकीची पडली, तर वरून कितीही दाबलं तरी ती जात नाही, उलट पक्की होते. परत पाणी मारायचं, कपडा पसरायचा, आणि नव्यानं घडी घालायची. तू पाणी न मारता वरून दाबत बसली आहेस. मला तो फोन, ती रेंज, ती बस, सगळं कळतं. चोराच्या मनात चांदणं. तू रात्री नीट झोपत नसशील आणि त्या खोकणारीलाही काही सांगितलं नसशील. आणि तुला वाटत असेल की आता बोललं तर वर्ष जाईल, बाईंचा विश्वास जाईल. बाईंचं काय होईल ते मला सांगता यायचं नाही. पण जी बाई माझं वाक्य फळ्यावर लिहिते ती आपल्या विद्यार्थिनीचं खरं बोलणं कानाआड टाकेल असं मला वाटत नाही. आणि टाकलंच, तर वर्ष जाईल. वर्षं जातात. माझी किती गेली, मी कुठे मोजत बसले.

तर आता हे पत्र कशाला लिहिलं ते ऐक. सुनावणी सोमवारी आहे. तुम्ही सगळे येणार, बाई येणार, बाहेरचे परीक्षक येणार, ते मला कळलं. काल मी पालिकेत जाऊन तुझ्या नकाशावर हरकत दिली. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. रस्ता सरळ न्यावा, मग तो माझ्या घरावरून गेला तरी तसाच जावा. आणि रस्त्यात जाणाऱ्यांची नवी घरं खाली दुकानं असलेली, पुन्हा नीट आखावीत. खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचला आणि मला समजावू लागला, "आजी, हरकत घर वाचवायला घेतात, पाडायला नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडे कुठे लिहिलंय तसं?" लिहिलेलं नव्हतं. त्यानं शिक्का मारला. सोमवारी सगळ्यांत आधी माझं नाव पुकारतील. ते ऐकून भर सभेत तुझ्या हातातली पट्टी गळून पडू नये म्हणून आधी कळवते. तिथे मला आजी म्हणू नकोस, हरकतदार म्हण. माझी बाजू घेऊ नकोस, आणि आवाज बारीक करू नकोस. मला कमी ऐकू येतं. तुझ्याकडे त्या वळशाचं खरंखुरं कारण असेल तर सांग, मी ऐकून घेईन, पटलं तर खाली बसेन. नसेल, तर तुझ्या हातात अजून चार दिवस आहेत. बाईंकडे जा, सांग, रबर घे आणि ती रेघ तूच सरळ कर. मग सोमवारी माझं नाव पुकारलं की मी उभी राहून म्हणेन, माझी काही हरकत नाही. कसंही झालं तरी रात्री मुक्कामाला घरीच ये. रेघ आज सरळ झाली तरी पालिकेची कामं मला माहीत आहेत. तो रस्ता येईपर्यंत तुझी पोरंसुद्धा या वेड्यावाकड्या जिन्यावरून गडगडून झालेली असतील.

तुझीच, सोमवारपर्यंत तुझ्या विरुद्ध बाजूची,
आजी